इंदूर विमानतळावरून शहरात येण्यासाठी खासगी गाडी ठरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नसराईत, गणपतीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून आणि नागपूरहून पाहुणे इंदूरला येतात, आणि प्रत्येक वेळी यजमानांच्या घरी तेच प्रश्न नव्याने विचारले जातात. गाडी आधी ठरवावी का, विमान उशिरा आले तर काय, आजोबांना व्हीलचेअर लागते तिची सोय कशी होणार? आमच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गाड्या ठरवण्याचे काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे. त्या अनुभवातून आणि झालेल्या चुकांमधून ही उत्तरे लिहिली आहेत. बहुतेक तक्रारींचे मूळ एकाच ठिकाणी सापडते: भाडे ठरवले जाते, पण चालकाने कुठे आणि किती वेळ थांबायचे हे कोणी ठरवत नाही.

विमानतळ शहरापासून किती दूर आहे? एवढ्या अंतरासाठी गाडी आधी ठरवण्याची गरज आहे का?

देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ शहराच्या पश्चिमेला, राजवाड्यापासून सुमारे ८ किलोमीटरवर आहे. कालानी नगर आणि बडा गणपतीवरून येणारा एअरपोर्ट रोड जुन्या शहरात उतरतो, तर सुपर कॉरिडॉरने गेल्यास शहराच्या गर्दीत न शिरता लवकुश चौराहा आणि पुढे विजय नगर गाठता येते. दिवसा, हलक्या सामानासह आणि शहराची माहिती असलेला माणूस येत असेल, तर आधी गाडी ठरवण्याची मुळीच गरज नाही. उतरल्यावर ॲपवरून टॅक्सी मागवावी आणि घरी यावे. मात्र येणारी व्यक्ती वयस्कर असेल, पहिल्यांदाच येत असेल, सोबत लहान मूल असेल, चार-पाच जण एकत्र असतील किंवा विमान रात्री उशिरा उतरणार असेल, तर गाडी आधीच ठरवलेली बरी. अंतर कमी असले, तरी थकलेल्या माणसाला विमानतळाबाहेर उभे राहून फोनशी झुंजायला लावणे योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ॲपवरची टॅक्सी आणि आधी ठरवलेली खासगी गाडी यांत नेमका फरक काय?

ॲपवर जवळ असलेली गाडी मिळते आणि भाडे त्या क्षणीच्या मागणीनुसार बदलते. केंद्र सरकारच्या २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत आकारणी करण्यास मुभा आहे, त्यामुळे दुपारचा आणि रात्रीचा आकडा सारखा असेल असे गृहीत धरू नये. आधी ठरवलेल्या गाडीत विशिष्ट प्रकारची गाडी, चालकाचे नाव, गाडीचा क्रमांक आणि एकूण रक्कम प्रवासापूर्वीच कळते, आणि चालक तुमच्यासाठी येऊन थांबतो. या थांबण्याचेच पैसे तुम्ही जास्त देता.

मेट्रोने येता येणार नाही का?

इंदूर मेट्रोचा सुमारे ६ किलोमीटरचा पहिला टप्पा ३१ मे २०२५ रोजी, म्हणजे अहिल्याबाईंच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, सुपर कॉरिडॉरवर सुरू झाला. या टप्प्यात विमानतळाची इमारतही येत नाही आणि राजवाडा किंवा रेल्वे स्थानकही येत नाही, त्यामुळे सामान घेऊन शहरात येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्याचा उपयोग नाही.

बुकिंग करताना कोणती माहिती द्यावी?

सर्वांत महत्त्वाचा आहे फ्लाइट नंबर, म्हणजे विमान कंपनीची दोन अक्षरे आणि त्यापुढील तीन-चार आकडे. अनेक जण त्याऐवजी सहा अक्षरांचा पीएनआर पाठवतात. तो तुमच्या तिकिटाचा क्रमांक असतो आणि त्यावरून चालकाला विमान कुठवर आले हे कळत नाही. दुसरी गोष्ट तारखेची. रात्री बारानंतर उतरणाऱ्या विमानाच्या बाबतीत घरोघरी गोंधळ होतो, कारण आपण बोलताना ‘बारा तारखेच्या रात्री साडेबाराला’ असे म्हणतो आणि ऐकणारा ती अकरा-बारा तारखेमधली रात्र समजतो. अशा वेळी तारीख, वार आणि ‘मध्यरात्रीनंतर’ हे तिन्ही लिहून पाठवावे. तिसरी गोष्ट म्हणजे दोन फोन क्रमांक: प्रवाशाचा आणि इंदूरमध्ये जागे राहणाऱ्या एका माणसाचा. याशिवाय माणसे किती, मोठ्या बॅगा किती, घराचा पत्ता आणि जवळची ठळक खूण हेही त्याच संदेशात लिहावे. हे सगळे फोनवर सांगून भागत नाही, कारण ज्याने फोन घेतला तोच गाडी घेऊन येईल असे नसते.

भाड्यात काय काय धरलेले असते?

या प्रश्नाचे एकच उत्तर नाही, म्हणून बुकिंग करतानाच ‘दारापर्यंत पोहोचून मी हातात नेमके किती रुपये द्यायचे?’ असे सरळ विचारावे. विमानतळावरील पार्किंगचे शुल्क, रात्रीचा अधिभार, थांबण्याच्या वेळेचे पैसे आणि जीएसटी या चार गोष्टी कोणी भाड्यात धरतात, कोणी नंतर जोडतात. विमानतळ ते शहर या मार्गावर टोल नाही, त्यामुळे त्या नावाने कोणी रक्कम मागितली तर कारण विचारावे. दोन ठिकाणच्या भाड्यांची तुलना करताना हे चारही घटक मिळवून मगच करावी; फोनवर स्वस्त वाटलेली गाडी पार्किंग आणि रात्रीचा अधिभार धरल्यावर पुष्कळदा महागच पडते.

वाटेत कोणाला तरी घ्यायचे असेल, औषधाच्या दुकानापाशी थांबायचे असेल किंवा आधी एका घरी बॅगा टाकून दुसरीकडे जायचे असेल, तर ते आधी सांगावे. एका फेरीचे भाडे म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, असाच चालकाचा समज असतो आणि तो वाजवी आहे. दिवसभर फिरायचेच असेल तर आठ तास आणि ८० किलोमीटरचे स्थानिक पॅकेज विचारावे. पुष्कळदा विमानतळाची फेरी त्यातच बसते.

विमान उशिरा आले तर चालक थांबतो का? त्याचे जास्त पैसे द्यावे लागतात का?

काही वर्षांपूर्वी माझी आत्या पुण्याहून रात्रीच्या विमानाने एकटी येत होती. मी गाडी दोन दिवस आधी ठरवली, उतरण्याची वेळ सांगितली, भाडे पक्के केले. फ्लाइट नंबर मात्र दिला नाही. विमान दोन तास उशिरा निघाले. चालक ठरल्या वेळी आला, पाऊण तास थांबला, मला तीन फोन केले आणि कोणी येत नाही असे समजून निघून गेला. माझा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता, आवाज बंद. आत्या बाहेर आली तेव्हा रात्रीचा पाऊण वाजून गेला होता. मी पोहोचलो तेव्हा ती दाराबाहेरच्या खांबाला टेकून स्वतःच्या बॅगेवर बसली होती, औषधांची पिशवी मांडीवर घट्ट धरून, आणि चष्मा पुसत पुसत प्रत्येक गाडीची नंबर प्लेट वाचत होती. त्यात चालकाची चूक मला आजही दिसत नाही.

म्हणून हे नीट समजून घ्यावे. थांबण्याचा मोफत वेळ नेहमी ठरलेला असतो. प्रश्न एवढाच की तो कोणत्या क्षणापासून मोजायचा. गाडी बोलावलेल्या वेळेपासून मोजला तर विमानाच्या उशिराचा सगळा भार प्रवाशावर पडतो. विमान प्रत्यक्ष जमिनीवर उतरल्यापासून मोजला तर चालकाला विमान कंपनीच्या संकेतस्थळावर स्थिती पाहून घरून निघता येते आणि कोणाचाच वेळ वाया जात नाही. बुकिंगच्या संदेशात ‘मोफत थांबण्याचा वेळ विमान उतरल्यापासून’ हे शब्द लिहून घ्यावेत, किती मिनिटे ते लिहावे आणि त्यानंतर तासाला किती रुपये तेही लिहावे. सामान पट्ट्यावर येईपर्यंत, प्रसाधनगृहात जाऊन बाहेर येईपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जातो. वयस्कर माणसांना त्याहूनही जास्त लागतो. विमान सुटण्यापूर्वीच उशीर कळला, तर तो चालकाला कळवणे ही आपली जबाबदारी आहे, फ्लाइट नंबर दिलेला असला तरीही.

विमान रद्द झाले किंवा दुसऱ्या शहराकडे वळवले गेले तर?

रद्द झाल्यास लगेच कळवावे. गाडी निघण्यापूर्वी कळवले तर आगाऊ रक्कम परत मिळण्याची किंवा पुढच्या तारखेला वळती होण्याची शक्यता चांगली असते. हिवाळ्यात दिल्लीकडून येणारी विमाने धुक्यामुळे रखडतात आणि पावसाळ्यात क्वचित विमान भोपाळ किंवा अहमदाबादकडे वळते. वळवलेले विमान बहुधा हवामान निवळल्यावर इंदूरला परत येते, त्यामुळे विमान कंपनीची घोषणा ऐकल्याशिवाय भोपाळहून गाडी करू नये. तेथून इंदूर रस्त्याने सुमारे १९० किलोमीटर आहे आणि तो खर्च वेगळाच ठरेल.

चालक नेमका कुठे भेटतो?

दोन पद्धती आहेत. एकीत चालक आगमनाच्या दाराबाहेर नावाची पाटी घेऊन उभा राहतो आणि गाडी पार्किंगमध्ये असते. दुसरीत तो बाहेर कुठेतरी थांबतो आणि तुम्ही फोन केल्यावर गाडी दारापाशी आणतो. पहिल्या पद्धतीत पार्किंगचे पैसे लागतात, दुसरीत प्रवाशाचा फोन चालू असावा लागतो. वयस्कर माणसांसाठी पहिलीच पद्धत घ्यावी. विमानातून उतरल्यावर फ्लाइट मोड काढायला विसरणारे इतके लोक मी पाहिले आहेत की, प्रवाशाचा फोन लागेल यावर मी कधीच विसंबत नाही.

पाटी देवनागरीत लिहून आणण्यास सांगावे आणि तिच्यावर कोणते नाव असेल हे प्रवाशाला आधी कळवावे. गाडी मुलाने स्वतःच्या नावाने ठरवलेली असते, पाटीवर त्याचेच नाव असते आणि आई मात्र स्वतःचे नाव शोधत पाटीसमोरून दोनदा निघून जाते. असे नेहमी घडते. चालकानेच प्रवाशाचे नाव सांगितले पाहिजे, प्रवाशाने विचारायचे नाही: ‘तुम्ही आमच्यासाठीच आलात ना?’ या प्रश्नाला कोणीही हो म्हणू शकतो.

चार माणसे आणि चार मोठ्या बॅगा असतील तर कोणती गाडी सांगावी?

छोटी सेडान पुरणार नाही, आणि त्याचे कारण गाडीच्या डिकीत आहे. आपल्याकडच्या बहुतेक टॅक्सी सीएनजीवर चालतात. डिकी उघडली की मागच्या सीटला टेकून आडवी बसवलेली टाकी दिसते, तिच्यावर कधी कापड लावलेली फळी असते, कधी तीही नसते. तिच्यापुढे उरलेल्या जागेत एक मोठी बॅग आडवी बसते. दुसरी कोंबली तर झाकण लागत नाही. अलीकडच्या काही मॉडेलांत एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली बसवलेल्या असतात आणि त्यांत बरीच जागा वाचते, पण तुमच्या वाट्याला कोणती गाडी येईल हे विचारल्याशिवाय कळणार नाही. म्हणून ‘सेडान’ एवढेच न सांगता ‘डिकीत टाकी आहे का?’ असे विचारावे.

चार माणसे आणि चार मोठ्या बॅगांसाठी एर्टिगासारखी गाडी तिसरी रांग दुमडून घ्यावी. सहा माणसे असतील तर तिसऱ्या रांगेत माणसे बसतात आणि तिच्यामागे हातातल्या पिशव्यांपुरतीच जागा राहते, त्यामुळे टपावर कॅरिअर असलेली गाडी मागावी किंवा सरळ दोन गाड्या कराव्यात. मे महिन्यात येणाऱ्यांनी आंब्याच्या पेटीचाही हिशेब धरावा. हापूसची पेटी कॅरिअरवर उन्हात बांधून आणू नये आणि सीएनजीच्या टाकीवरही ठेवू नये. ती पायाशीच राहते, आणि मग एका माणसाला पाय ठेवायला जागा उरत नाही.

ओळखीच्या माणसाची पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी स्वस्तात मिळत असेल तर?

घेऊ नये. भाड्याने चालणाऱ्या टॅक्सीची नंबर प्लेट पिवळी आणि अक्षरे काळी असतात. विजेवर चालणाऱ्या टॅक्सीची प्लेट हिरवी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या प्लेटची गाडी खासगी वापरासाठी नोंदलेली असते आणि मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार परवान्याशिवाय ती भाड्याने चालवता येत नाही. शंभर-दोनशे रुपये वाचवताना खरा धोका विम्याचा आहे: खासगी वापराच्या पॉलिसीत भाड्याने नेलेल्या प्रवाशांचे संरक्षण धरलेले नसते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. गाडीचा क्रमांक मिळाल्यावर सरकारच्या एमपरिवहन ॲपवर तिची नोंदणी, फिटनेस आणि विम्याची मुदत दोन मिनिटांत पाहता येते. इंदूरच्या गाड्यांचा क्रमांक एमपी ०९ ने सुरू होतो. दुसऱ्या जिल्ह्याचा क्रमांक असणे गैर नाही, पण आधी कळवलेल्या क्रमांकाऐवजी दुसरीच गाडी आली तर मालकाला फोन करून खात्री केल्याशिवाय बसू नये.

आमचे घर राजवाड्याजवळ जुन्या वस्तीत आहे. गाडी दारापर्यंत येईल का?

बहुधा येणार नाही. राजवाडा, खजुरी बाजार, सराफा आणि मल्हारगंज या भागांतल्या गल्ल्या अरुंद आहेत आणि दुकाने उघडी असताना तिथे मोठी गाडी वळवणेही अवघड जाते. सराफ्यात तर रात्री सोन्या-चांदीची दुकाने बंद होतात आणि त्याच ओट्यांसमोर खाद्यपदार्थांची दुकाने लागतात, म्हणजे रात्री उशिरा रस्ता मोकळा मिळेल ही अपेक्षाही ठेवता येत नाही. अशा घरी येणाऱ्यांनी मुख्य रस्त्यावरचे उतरण्याचे ठिकाण आधी ठरवावे आणि घरातल्या कोणीतरी तिथे सामान घ्यायला यावे.

सुदामा नगरमध्ये अडचण वेगळी आहे. तिथे घर क्रमांकाच्या आधी सेक्टरचे अक्षर असते आणि ते सांगितले नाही, तर गाडी त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या सेक्टरमधल्या घरासमोर जाऊन उभी राहते. फूटी कोठी किंवा रणजीत हनुमान मंदिर अशी मोठी खूण सांगून नंतर सेक्टर सांगावा. राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, रामबाग या मराठी वस्त्यांत गाडी बहुतेक घरांच्या दारापर्यंत जाते. नकाशावरचे स्थान चालकाला व्हॉट्सॲपवर पाठवणे उत्तम, पण ते घरात उभे राहून पाठवावे. ऑफिसात बसलेल्या मुलाने ‘सध्याचे स्थान’ पाठवल्यामुळे पाहुणे त्याच्या ऑफिसखाली पोहोचल्याची उदाहरणे आहेत.

सणावारांच्या दिवसांत काही विशेष काळजी घ्यावी का?

होय. रंगपंचमीला राजवाड्याच्या परिसरात गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक निघते, तेव्हा सकाळपासून दुपारपर्यंत त्या भागातले रस्ते वाहनांसाठी बंद असतात आणि त्या वेळी जुन्या शहरात गाडीने शिरणे शक्यच नसते. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाँक्यांची, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक पहाटेपर्यंत चालते. या दोन दिवसांची तिकिटे काढताना शक्य असेल तर विमानाची वेळच बदलावी. नवरात्राची गोष्ट बाहेरगावच्या लोकांच्या लक्षात येत नाही: बिजासन मातेची टेकरी विमानतळाला लागूनच आहे, दोन्ही नवरात्रांत तिथे जत्रा भरते आणि पायी जाणाऱ्या भाविकांनी एअरपोर्ट रोड भरून जातो. येताना थोडा उशीर झाला तर चालते, परतीच्या विमानाला जाताना चालत नाही; त्या नऊ दिवसांत नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघावे, किंवा सुपर कॉरिडॉरच्या बाजूने जावे.

आई-वडील एकटेच येणार आहेत आणि व्हीलचेअर लागते. काय करावे?

व्हीलचेअरची मागणी विमान कंपनीकडे तिकीट काढतानाच, निदान दोन दिवस आधी नोंदवावी. उतरल्यावर कंपनीचा मदतनीस त्यांना सामानासह बाहेरच्या दारापर्यंत आणतो. तिथून पुढे त्याची जबाबदारी संपते. म्हणून चालक पाटी घेऊन दारापाशीच हवा आणि गाडी येईपर्यंत आई-वडिलांना खुर्चीतून उठवू नये, हे मदतनीसालाही विनंतीने सांगावे. व्हीलचेअरचे प्रवासी बहुधा विमानातून सर्वांत शेवटी उतरतात, त्यामुळे मोफत थांबण्याचा वेळ त्यांच्यासाठी वाढवून घ्यावा.

गाडी निवडताना गुडघ्यांचा विचार करावा. इनोव्हासारखी गाडी ऐसपैस असली तरी तिच्यात चढताना पाय उंच उचलावा लागतो, आणि अगदी खालच्या सेडानमधून उठताना गुडघ्यांवर सगळा भार येतो. माझ्या आईला एर्टिगाच्या मधल्या रांगेत बसणे सर्वांत सोपे जाते. ती आधी पाठमोरी बसते आणि मग दोन्ही पाय आत घेते. स्वतःची घडीची व्हीलचेअर असेल तर तिचा उल्लेख सामानात वेगळा करावा.

लहान मुलांसाठी वेगळी सीट मिळते का?

इंदूरच्या टॅक्सींमध्ये ती सहसा नसते. हवी असेल तर सोबत आणावी. मागच्या सीटवरही पट्टा लावणे बंधनकारक आहे आणि चौदा वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा योग्य सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे. अनेक टॅक्सींमध्ये मागचे पट्टे सीट कव्हरखाली दडपलेले असतात, म्हणून ‘मागचे पट्टे वर काढून ठेवा’ हे चालकाला आदल्या दिवशी सांगावे.

रात्री उशिरा एकट्या येणाऱ्या स्त्रीने काय पाहावे?

बसण्यापूर्वी नंबर प्लेटचा फोटो घरी पाठवावा, चालकाचा चेहरा आणि कळवलेले नाव जुळते का ते पाहावे, थेट स्थान घरच्यांना दिसू द्यावे आणि मागच्या सीटवर बसावे. मागचे दार आतून उघडते का, हे बसताच एकदा तपासावे. लहान मुलांसाठीचे कुलूप लावलेले राहून गेले असेल तर चालकाला ते काढायला सांगावे. चालकासोबत दुसरा कोणी बसलेला असेल तर गाडी नाकारण्याचा पूर्ण अधिकार तुम्हाला आहे, आणि त्यासाठी संकोच करू नये. अडचण आल्यास ११२ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक लक्षात ठेवावा. या सगळ्यात चालकाचा अपमान नाही; चांगले चालक स्वतःहून गाडीचा क्रमांक पाठवतात आणि घरी पोहोचल्यावर कळवायला सांगतात.

विमानतळावरून थेट उज्जैन, ओंकारेश्वर किंवा महेश्वरला जाता येईल का?

येईल, पण ते शहरातले बुकिंग नसून बाहेरगावचे आहे आणि त्याचे नियम वेगळे असतात. उज्जैन सुमारे ५५ किलोमीटरवर आहे आणि सुपर कॉरिडॉरवरून लवकुश चौराह्याला उज्जैन रोड धरला तर इंदूर शहरात शिरावेच लागत नाही. २०२८ च्या सिंहस्थासाठी या रस्त्याचे सहा पदरीकरण हाती घेतलेले असल्याने नकाशात दिसणाऱ्या वेळेवर विसंबू नये. महाकालाची भस्म आरती पहाटे ४ वाजता होते. रात्रीच्या विमानाने उतरून थेट तिकडे जाण्याचा बेत करणाऱ्यांनी चालकाच्या झोपेचाही विचार करावा आणि दिवसभर गाडी चालवलेला माणूस त्या फेरीला घेऊ नये.

ओंकारेश्वर सुमारे ८० किलोमीटरवर आहे आणि वाटेत सिमरोलच्या पुढे भेरूघाट लागतो, तेव्हा विमानात दिलेले खाऊन लगेच निघालेल्या मुलांना तिथे हमखास मळमळते. महेश्वर त्याहून थोडे लांब, साधारण ९५ किलोमीटर. सिमरोलला आयआयटीत मुलाला सोडायला येणाऱ्या पालकांनीही हे शहराबाहेरचे बुकिंग समजावे. बाहेरगावच्या फेरीत दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटरचे भाडे आकारण्याची पद्धत आहे, म्हणजे तुम्ही १२० किलोमीटरच फिरलात तरी पैसे किमान आकड्याचेच द्यावे लागतात. चालकाचा भत्ता, रात्रीचा मुक्काम, टोल आणि पार्किंग वेगळे धरले जाते. फक्त सोडून यायचे असेल तर ‘एकेरी फेरी’ असे स्पष्ट सांगून दर घ्यावा.

आगाऊ रक्कम किती द्यावी, आणि फसवणूक कशी टाळावी?

शहरातल्या फेरीसाठी पूर्ण रक्कम आधी देण्याचे कारण नाही. थोडी रक्कम देऊन बाकीचे पैसे उतरताना यूपीआयने किंवा रोख द्यावेत. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकांपासून सावध राहावे, कारण त्यांतले बरेच क्रमांक भामट्यांनी टाकलेले असतात. त्यांची रीत ठरलेली आहे: नोंदणीसाठी केवळ पाच-दहा रुपये भरा म्हणून दुवा पाठवायचा आणि त्या पानावर कार्डाची किंवा खात्याची माहिती काढून घ्यायची, किंवा फोनचा पडदा दिसेल असे ॲप उतरवायला लावायचे. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. ‘परतावा देतो, पिन टाका’ असे कोणी म्हटले की फोन ठेवावा. रक्कम गेलीच तर विलंब न करता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

परतीची गाडी केव्हा बोलवावी?

देशांतर्गत उड्डाणासाठी चेक-इनचे काउंटर साधारणपणे उड्डाणाच्या एक तास आधी बंद होते, म्हणून विमानतळावर दोन तास आधी पोहोचावे आणि त्याप्रमाणे मागे मोजत यावे. विजय नगर किंवा राजेंद्र नगरहून संध्याकाळच्या गर्दीत एक तास धरावा. पहाटेच्या विमानासाठी चालकाला आदल्या रात्री झोपण्यापूर्वी आणि निघण्याच्या एक तास आधी असे दोन फोन करावेत. याला कोणी राग मानत नाही. शेव-चिवड्याचे डबे घरीच काट्यावर मोजून भरावेत, कारण चेक-इनच्या सामानाची मर्यादा बहुतेक तिकिटांवर १५ किलोची असते आणि काउंटरसमोर बॅग उघडून डबे वाटून घेण्यात जाणारी वीस मिनिटे कोणत्याही चालकाला भरून काढता येत नाहीत.

ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागितले तर?

बुकिंगचा संदेश दाखवावा आणि चालकाशी वाद न घालता मालकाला फोन लावावा. पुष्कळदा चालकाला ठरलेला आकडा सांगितलेलाच नसतो. वाढीव रक्कम पार्किंगची असेल तर पावती मागावी आणि ती खरी असेल तर देऊन टाकावी. तरीही निकाल लागला नाही तर बिल, संदेश आणि पैसे दिल्याचा पुरावा जपून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. घासाघीस मात्र बुकिंगच्या वेळी करावी. रात्री दोन वाजता सामान उतरवून दिलेल्या माणसाशी पन्नास रुपयांसाठी ती करू नये.

गाडीत वस्तू राहिली तर?

चालकाचा क्रमांक लगेच खोडून टाकू नये, निदान दोन दिवस ठेवावा, आणि लक्षात येताच त्यालाच थेट फोन करावा, कारण पुढचा प्रवासी बसण्यापूर्वी सीट पाहणे त्याच्याच हातात असते. उतरताना शेवटच्या माणसाने फोनचा दिवा लावून मागच्या सीटच्या फटीत, दाराच्या कप्प्यात आणि डिकीत टाकीच्या मागे पाहावे. चष्मा, कानाच्या यंत्राची डबी आणि औषधांची पिशवी याच तीन ठिकाणी राहते. वस्तू परत आणून दिली तर त्या फेरीचे भाडे चालकाला द्यावे. तो तेवढा वेळ दुसरा प्रवासी सोडून आलेला असतो.